लाल गाडीत पाणी ठरत नाही

आमच्या वाशीच्या सोसायटीत त्या काळी चार-पाच स्कूटर होत्या आणि एकच मोटार होती. ती आमची होती आणि ती चालत नव्हती. बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की ती माणसं आधी गाडीकडे बघायची, मग आमच्याकडे. यांच्याकडे ही कशी, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मला त्या तोंडांचा राग यायचा. गाडीचाही यायचा. मी मराठवाड्याची, राग माझ्या नाकावरच बसलेला असतो.

गाडी विलायती होती, लाल. वरचा कापडी टप मागे दुमडायचा. स्पोर्ट्स कार म्हणतात ती. लांबलचक तोंड, बुटकं अंग आणि आत फक्त दोन सीटा. आम्ही घरात तीन माणसं, मी, माझा नवरा सुभाष आणि माझे सासरे भगवान, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. म्हणजे गाडी चालली असती तरी एकाने घरी राहायचं हे ठरलेलंच होतं.

अण्णा मुंबईत एका पारशी शेठकडे ड्रायव्हर होते. ऐन तारुण्यात लागले ते शेठ विलायतेला कायमचे जाईपर्यंत तिथेच राहिले. शेठला गाड्यांचा नाद. बाकीच्या गाड्या त्याने विकल्या आणि जाताना ही लाल गाडी अण्णांच्या नावावर करून दिली, कारण तिच्या इंजिनाचा आवाज फक्त भगवानलाच कळतो असं त्याचं म्हणणं होतं. आवाज कळत असेलही. पण ती द्यायच्या आधीपासूनच पाणी पीत होती, हे शेठने सांगितलं नव्हतं.

आता अण्णांना त्या गाडीतून कुठे जायचं होतं, ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्याचा बाजार वाटेल. त्यांचं गाव महाडच्या पलीकडे. आम्ही बौद्ध. त्यांच्या लहानपणी गावच्या वरच्या आळीतून आमच्या माणसांनी चपला हातात घेऊन जायचं, तेही काही काम असलं तर. अण्णांना त्या आळीतून ती लाल गाडी चालवत न्यायची होती. स्वतः. दुसरं काही नाही. कोणाला भेटायचं नव्हतं, भाषण करायचं नव्हतं.

"हॉर्न मारायचा नाय," ते सांगायचे. "दुसऱ्या गिअरात. हळूहळू. या टोकाकडून त्या टोकाला. मग परत यायचं."

"अण्णा, तुम्हाला चपला काढायला लावणारे कधीच मेले," मी एकदा म्हणाले.

"आळी आहे ना," ते म्हणाले.

सुभाष ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर होता. त्याला या सगळ्याचा मनापासून कंटाळा होता. "आपण एसटीने जाऊ ना अण्णा, उगाच टेन्शन कशाला?" तो म्हणायचा.

"एसटी वरच्या आळीत जात नाय," अण्णा म्हणायचे, आणि विषय संपायचा.

घाई होती ती डोळ्यांमुळे. अण्णांना काचबिंदू होता. बाजूचं दिसणं हळूहळू बंद होत चाललं होतं आणि समोरचं तेवढं उरलं होतं, पाइपातून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी सुभाषला सांगितलं, या थंडीत दिवसाउजेडी समोरचं नीट दिसेल, पुढच्या थंडीचं मी काही बोलत नाही. सुभाषने ते मला सांगितलं आणि अण्णांनी भिंतीपलीकडून ऐकलं. त्या दिवसापासून गाडी हा आमच्या घरात चेष्टेचा विषय राहिला नाही.

गाडीचं दुखणं असं होतं की तिच्यात पाणी ठरत नव्हतं. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरून इंजिन थोडा वेळ चालवलं की संध्याकाळी निम्मा रिकामा. खाली जमिनीवर थेंब नाही. शेठ परदेशातून हिरवं कूलंट मागवायचा, त्याचा शेवटचा डबा केव्हाच संपला होता. आमच्याकडे नळाचं पाणी, तेही सकाळी तासभर येणारं. मी बादल्या भरून ठेवायची आणि अण्णा त्यातली अर्धी बादली त्या लाल तोंडात ओतायचे. नाकात दम आणला होता त्या गाडीने.

दुरुस्तीला होता धर्मराज. तुर्भ्याला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. तो मूळचा ट्रकच्या रेडिएटरची भोकं डाख देऊन बुजवणारा. लाल गाडीला हात लावायला मिळतो म्हणून खूश असायचा. आधी त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा तो छोटा दरवाजा असतो. "वहिनी, हे थंड मुलुखाचं लफडं हाय. आपल्या हवेला लागत नाय," तो मला म्हणाला. मग अँबॅसडरचे होज पाइप कापून बसवले. मग एक दिवस सोसायटीत येऊन माझ्याकडे हळद मागितली.

"कशाला?"

"रेडिएटरमध्ये टाकायला. बारीक भोक असलं तर बसते."

मी वाटीभर हळद दिली. गाडी सुरू केली, तापली, आणि सगळ्या बिल्डिंगला आमटीचा वास सुटला. वरच्या मजल्यावरच्या बाईने खाली वाकून विचारलं, आज काय बेत. मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पण हळद बसली. महिनाभर पाणी टिकलं. अण्णांनी ड्रायव्हरची जुनी टोपी धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावली. मग महिन्याने पाणी पुन्हा आटायला लागलं, आणि आता वर गाडी तापायलाही लागली, कारण हळदीने भोक बुजवता बुजवता आतल्या नळ्याही बुजवल्या होत्या.

शेवटी धर्मराजने इंजिनाचं डोकं उघडलं आणि खरं कारण सापडलं. वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये जो पत्रा असतो, गॅसकेट, तो एका जागी जळला होता. तिथून पाणी आत इंजिनात जाऊन वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जात होतं. म्हणून जमिनीवर थेंब नसायचा. तसलं गॅसकेट इथे मिळत नव्हतं. धर्मराजने तांब्याचा पत्रा आणला, जुनं गॅसकेट वर ठेवून आखून घेतलं आणि कात्रीने कापलं. रेडिएटर उघडून हळद खरवडून काढली, डाख दिला. अण्णा रोज स्टुलावर बसून ते बघायचे. म्हणजे बघायचे असं आपलं म्हणायचं. मान कोंबडीसारखी इकडेतिकडे वळवत एकेक भाग डोळ्यासमोर आणायचे.

"अण्णा, हातचं गॅसकेट हाय. ग्यारंटी नाय," धर्मराजने गाडी देताना सांगितलं. "तापाचा काटा लाल रेघेजवळ गेला की थांबायचं. गार होऊ द्यायची, मग पाणी. तापलेल्या इंजिनात गार पाणी नाय. आणि काय पण झालं तरी कोरडी चालवायची नाय. कोरडी चालवली की संपली. मंग मी पण काय करू शकत नाय."

"मला शिकवतोस?" अण्णा म्हणाले. पण ते हसत होते.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. अण्णा पाणी मागत नसत. कोणाकडेच. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं नको असेल. सुभाषने सांगितलं, तसं नाही, आई होती तेव्हा ते तिच्याकडेही मागायचे नाहीत. तहान लागली की उठून माठातून घ्यायचे. बाहेर जाताना पाण्याचा डबा बरोबर. शेठच्या गाडीतही स्वतःचा डबा, रेडिएटरसाठी वेगळा आणि स्वतःसाठी वेगळा. भगवानसारखा काळजी घेणारा ड्रायव्हर नाही, असं शेठ पाहुण्यांना सांगायचा. शेठला काय माहीत. लहानपणी वरच्या आळीत एका दारात त्यांनी तहानेने पाणी मागितलं होतं. आधी विचारलं, कोणाचा तू. यांनी सांगितलं. मग वरून, लांबून, ओंजळीत ओतलं, अर्धं अंगावर, आणि जिथे ते उभे होते तिथे नंतर शेणाने सारवलं. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि पुढची जुडी ओढून घेतली.

तर जानेवारीत एका सकाळी आम्ही निघालो. सुभाषला फर्स्ट शिफ्ट होती. नसती तरी तो आला नसता. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रजा काढली. अण्णांना समोरचा रस्ता दिसायचा, पण खालचा तापमानाचा काटा दिसायचा नाही, म्हणून काटा बघायला मी. अशा डोळ्यांच्या माणसाशेजारी बसायला मी तयार झाले याबद्दल सुभाष रात्रीपासून माझ्याशी बोलत नव्हता. पण खरं सांगते, तोपर्यंत मलाही ती आळी बघायची होती. दुसऱ्या गिअरात, या टोकाकडून त्या टोकाला.

अण्णांनी टोपी घातली. मागे पाण्याचे दोन मोठे डबे ठेवले आणि पिण्याचा छोटा. टप मागे दुमडला. सानपाड्याच्या पुढे खाडीचा वारा अंगावर यायला लागला आणि अण्णांनी गिअर बदलला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस काय होता. हात कुठेही चाचपडत नव्हता. जुईनगरपाशी रस्त्याकडेची माणसं थांबून बघत होती. मी डोक्यावरचा पदर घट्ट धरून काट्याकडे बघत होते, आणि मनातल्या मनात हसतही होते.

नेरूळला काटा चढला. थांबलो, गार होऊ दिली, एक डबा गेला. अण्णा म्हणाले, पहिल्यांदा पिते जरा. बेलापूरच्या चढाला पुन्हा काटा लालपाशी. दुसरा डबा गेला. आता मागून पांढरा धूर निघत होता. अण्णांना तो दिसत नव्हता आणि मी सांगितला नाही, कारण सांगून काय होणार होतं. मागे फिरू म्हटलं तर म्हणाले, पनवेलला पंपावर नळ आहे, तिथे भरू. पंपावरच्या नळाला मागावं लागत नाही.

पनवेल आलंच नाही. खारघरच्या डोंगराखाली उतार संपला तिथे काटा लालच्याही पलीकडे गेला. मी ओरडले आणि त्यांनी गाडी करंजाच्या झाडाखाली घेतली. जरा गार झाल्यावर पिण्याचा डबाही त्यांनी रेडिएटरमध्ये रिकामा केला. ते पाणी कुठच्या कुठे गेलं. आजूबाजूला मोकळी शेतं, कुठे बांधाला पांढरे दगड रोवलेले. आणि शेतापलीकडे, हाकेच्या अंतरावर, एक कौलारू घर आणि घरापुढे विहीर. विहिरीवर एक म्हातारी भांडी घासत होती.

"मी डबा भरून आणते," मी म्हणाले.

"नको."

"अण्णा, विहीर समोर आहे."

"मागायचं नाय. ट्रक थांबेल एखादा, त्याच्याकडे असतं."

"आगरी लोक आहेत ते. आणि शहाऐंशी साल आहे. कोण विचारतंय आता."

"विचारतात," ते म्हणाले. "पाण्याच्या आधी विचारतात."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं खपून, हळद घालून, पत्रे कापून, आणि समोर भरलेली विहीर असताना हा माणूस ट्रकची वाट बघणार. मी डबा उचलला आणि बांधावरून चालायला लागले.

म्हातारीचं नाव मुक्ताबाई. ते मला नंतर कळलं. मला बघून ती उठली, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेतात काम करणाऱ्या बायकांचा असतो तसल्या मोठ्या आवाजात, अगदी झाडापर्यंत ऐकू जाईल अशा, तिने विचारलं, "कनचे गो तुमी?"

कनचे म्हणजे कुठले, कोणाचे. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, विचारलंच शेवटी.

"कनचे हापिसातले?" ती पुढे म्हणाली, आता आवाज खाली आणून. "मोजनीवाले तं नाय ना? अशेच गारीन बसून येतान नि दगर रोवून जातान. ही हीर पन त्यांचे नकाशान गेली सांगतान."

"नाही हो आजी," मी म्हणाले, आणि मला हसू आलं. नव्या शहरासाठी जमिनी घेणारे सरकारी लोक समजली होती ती आम्हाला, एवढंच होतं तर. "आम्ही वाशीचे. गाडी तापली. पाणी पाहिजे होतं."

"मंग ने ना. त्याला काय इचारायचा?" तिने रहाटाला हात घातला.

आणि तेवढ्यात मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी वळून बघितलं तर लाल गाडी झाडाखालून निघाली होती. मी धावत सुटले. डबा कुठे पडला कळलं नाही. बांधावरून हात हलवत ओरडत होते, पण अण्णांना बाजूचं दिसतच नव्हतं. आवाज आधी नेहमीचा होता, मग खडखड सुरू झाली, मग लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांब आवाज आला. मग काहीच नाही. गाडी वळणाच्या अलीकडेच थांबली होती.

मी पोचले तेव्हा ते दोन्ही हात चाकावर ठेवून सरळ समोर बघत बसले होते. टोपी नीट होती.

"विचारलंन ना तिने," ते म्हणाले. "मी ऐकलं."

"ती मोजणीवाले का विचारत होती." मला रडू येत होतं आणि राग येत होता आणि दोन्हीतलं कुठलं आधी काढावं ते कळत नव्हतं. "जमीन मोजायला आलोय असं वाटलं तिला. पाणी काढत होती अण्णा ती."

त्यांनी चावी फिरवून बघितली. इंजिन जागचं हललं नाही.

मुक्ताबाई मागून आली. डोक्यावर हंडा, हातात तांब्या. एवढं अंतर ती तशीच चालत आली होती. हंडा रस्त्याकडेला ठेवला आणि तांब्या भरला. "उनाचा बसलाय म्हातारा, आदी पी बाबा," ती म्हणाली.

अण्णा गाडीतून उतरले. आणि मी बघितलं, त्यांचे हात आपोआप पुढे आले आणि त्यांची ओंजळ झाली. कंबरेतून वाकले. शेठच्या गाड्या चालवलेला, इस्त्रीची टोपी घातलेला तो माणूस त्या लाल गाडीपुढे ओंजळ करून वाकून उभा होता. ते मी कधी विसरणार नाही.

"हात कशाला? तांब्या घे ना," मुक्ताबाई म्हणाली आणि तांब्या त्यांच्या ओंजळीतच ठेवला.

त्यांनी तो धरून ठेवला. "तोंड लावू?" त्यांनी विचारलं.

"मंग कशाशी पिनार?"

ते प्याले. सगळा तांब्या प्याले, आणि हनुवटीवरून पाणी सदऱ्यावर सांडलं. मी तोंड फिरवून डोंगराकडे बघत राहिले.

मग इंजिन गार होईपर्यंत आम्ही तिघं सावलीत बसलो. मुक्ताबाई मोजणीवाल्यांना शिव्या देत होती. अण्णा ऐकत होते. शेवटी त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि हंड्यातलं पाणी तांब्या-तांब्याने आत घातलं. पाणी वरून आत गेलं आणि इंजिनाखालून डांबरावर आलं. जेवढं घातलं तेवढं आलं. त्यांना दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता. तरी हंडा रिकामा होईपर्यंत ते घालत राहिले.

धर्मराज संध्याकाळी ट्रकला दोर बांधून गाडी घेऊन गेला. हेड वाकलं होतं आणि ब्लॉकला उभी चीर गेली होती. त्याने चिरेवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, कोरडी चालवली?" मी हो म्हणाले. त्याने पुढे काही विचारलं नाही. तेवढं भलेपण त्याच्यात होतं.

सुभाष म्हणाला, जाऊ दे अण्णा, आपण टॅक्सी करून जाऊ वरच्या आळीतून. अण्णा म्हणाले, दुसऱ्याने न्यायला काय, मढंही नेतात. त्यानंतर गावाचं नाव त्यांनी काढलं नाही. पावसाळ्यात समोरचं दिसणंही अंधुक झालं आणि पुढच्या थंडीत गेलं. डॉक्टर बरोबर होते. खारघरची ती विहीर अजून आहे की बुजवली, मी बघायला गेले नाही. गाडी सोसायटीच्या भिंतीशी ताडपत्रीखाली आहे, आणि नवीन बिऱ्हाडं अजून तसंच बघतात.

अण्णांना आता माठ सापडत नाही. मी दोरी बांधून दिली होती खुर्चीपासून माठापर्यंत, पण एकदा माठ फुटला आणि त्यांनी दोरी सोडून टाकली. आता तहान लागली की ते बराच वेळ काही बोलत नाहीत. ओठ कोरडे पडलेले मला दिसतात. मी मुद्दाम आधीच नेऊन देते, पण मी दिवसभर एक्स्चेंजला असते, आणि घरी असले तरी स्वयंपाकाच्या नादात लक्षात राहत नाही.

मग ते हाक मारतात. "सुमेधा," म्हणतात, आणि थांबतात. मग हळू आवाजात, दारात उभं राहिल्यासारखं, "पाणी देतेस?"

मी पेला घेऊन जाते, तर त्यांची ओंजळ झालेली असते.